मेगाहर्ट्झच्या मागे धावू नका, सलग नोंद होते का ते बघा



आजचा लेख माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो. इलेक्ट्रॉनिक रिपेअरिंगच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी मी एक व्हिडिओ केला होता. पहिल्या वर्षी कोणती हत्यारं घ्यावीत, याची यादी त्यात दिली होती. ऑसिलोस्कोपचा विषय आला तेव्हा मी अगदी ठासून म्हणालो होतो, "बजेटमध्ये बसेल तेवढ्या जास्त मेगाहर्ट्झचा घ्या, पस्तावणार नाही." तो सल्ला मी आज मागे घेतोय. अख्खा नाही, पण निम्मा तरी नक्कीच. कारण त्या सल्ल्यावर विसंबून एका मुलानं आपले साठवलेले पैसे घातले आणि पहिल्याच मोठ्या कामात तो तोंडघशी पडला.

एक रात्र वाया गेली

हा मुलगा कोल्हापूरकडचा. आमच्या वर्कशॉपला येऊन गेलेला. कंट्रोल पॅनेल रिपेअर करतो, हात चांगला आहे. त्याला प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. तिथलं एक मशीन रात्रपाळीत एकदा-दोनदा आपोआप रिसेट व्हायचं. दिवसभर काही नाही, मल्टिमीटर लावला की २४ व्होल्ट अगदी नीट. मालक वैतागले होते, कारण प्रत्येक रिसेटला नोझलमध्ये माल अडकायचा आणि तासभर साफसफाई चालायची.

पोरानं बरोबर ओळखलं की कंट्रोलरला जाणारा २४ व्होल्टचा सप्लाय क्षणभर खाली जात असणार. मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, त्याला हा क्षण दिसणारच नाही. म्हणून त्यानं नवाकोरा यूएसबी ऑसिलोस्कोप लावला, लॅपटॉपवर 'रेकॉर्ड' दाबलं आणि रात्रभर तिथेच बसून राहिला. पावणेतीनला मशीन बंद पडलं. सकाळी फाइल उघडली, तर पावणेतीनच्या आसपास सगळं सरळ. खड्डा कुठेच नाही.

मालक एवढंच म्हणाले, "मशीन बंद पडलं ते माझ्या पोरांनी पण बघितलं. तुझ्या यंत्रानं काय बघितलं ते सांग."

दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. तक्रारीचा सूर नव्हता, पण एक वाक्य लागलं. "सर, तुमचा व्हिडिओ बघूनच घेतला होता."

यंत्र बिघडलेलं नव्हतं

मग आम्ही दोघांनी फोनवर बसून ती फाइल तपासली. यंत्र नीट चालत होतं. त्याचं 'रेकॉर्ड' बटण मात्र आपण समजतो ते काम करत नव्हतं. स्क्रीनवर २० मिलीसेकंदांचा तुकडा यायचा, सॉफ्टवेअर तो काढायचं, साठवायचं आणि मग पुढचा तुकडा घ्यायला जायचं. सेकंदाला असे साधारण चार तुकडे. आता हिशेब करा. सेकंदात १००० मिलीसेकंद. त्यातले ८० पाहिले, ९२० सुटले. रात्रभर जागून त्यानं जे साठवलं, ते रात्रीचा बारावा हिस्साही नव्हतं.

लग्नातला फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला आठवा. फोटोग्राफरचा कॅमेरा भारी, फोटो एकदम स्वच्छ. पण अंतरपाट दूर झाला त्या क्षणी तो लेन्स बदलत असेल, तर तो क्षण गेला. व्हिडिओवाल्याचं चित्र थोडं कमी धारदार असेल, पण त्याच्याकडे सगळं सलग असतं. आपल्या मुलानं भारी फोटोग्राफर आणला होता. काम होतं व्हिडिओवाल्याचं.

सर्वसाधारण ऑसिलोस्कोप असाच चालतो, त्यात कंपनीनं फसवलं असं नाही. तो आपल्या मेमरीत एक तुकडा भरतो, दाखवतो, पुन्हा भरतो. मधल्या काळात तो आंधळा असतो. लहरीचा आकार बघायचा असेल तर याचं काहीच वाटत नाही, कारण लहर पुन्हा पुन्हा येतच असते. पण रात्रीतून एकदाच होणारी गोष्ट पकडायची असेल, तर हाच आंधळा काळ आपला घात करतो.

डब्यावरचा आकडा आणि कामाचा आकडा

म्हणून माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. सलग नोंदीसाठी यूएसबी स्कोप घेत असाल, तर डब्यावरचे मेगाहर्ट्झ आणि सॅम्पल रेट सगळ्यात शेवटी बघा. आधी विचारा, "न तुटता, तासन् तास, किती वेगानं नोंद करतो?"

एक खरं उदाहरण घ्या. पिकोस्कोप २२०४ए हे छोट्या यूएसबी स्कोपमधलं चांगलं नावाजलेलं मॉडेल. त्याचा सॅम्पल रेट सेकंदाला १० कोटी. ऐकायला केवढा मोठा! पण आतली मेमरी ८ हजार सॅम्पलची. म्हणजे पूर्ण वेगानं धावला तर ८० मायक्रोसेकंदांत मेमरी भरली. सेकंदाचा बारा हजारावा भाग. मग सलग नोंद? त्यासाठी त्याचा स्ट्रीमिंग मोड वेगळा आहे. त्यात तो यूएसबीवरून थेट लॅपटॉपला माहिती पाठवत राहतो आणि त्याचा वेग सेकंदाला १० लाख. शंभर पटींनी कमी! आणि गंमत म्हणजे आपल्या कामाला हा कमी आकडासुद्धा भरपूर आहे. कंपनी माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापते. ज्या यंत्राच्या माहितीपत्रकात स्ट्रीमिंगचा आकडाच सापडत नाही, तिथे सावध व्हा.

आता दुसरं उदाहरण. हॅनटेक ६०२२बीई, स्वस्त यूएसबी स्कोप म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी येणारं मॉडेल. दोन चॅनेल, ८ बिट, २० मेगाहर्ट्झ, सेकंदाला ४.८ कोटी सॅम्पल. ८ बिट म्हणजे एका सॅम्पलला एक बाइट. म्हणजे एका चॅनेलचे सेकंदाला ४८ एमबी आणि दोन्ही चॅनेल या वेगानं चालवायचे तर ९६ एमबी. यूएसबी २.० ची तार कागदावरच सेकंदाला ६० एमबी वाहते, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. अर्ध्या इंचाच्या नळातून एक इंची नळाचं पाणी येत नाही, तसं हे. शिवाय एकाच चॅनेलचे ४८ एमबी तासभर साठवले तर १७२.८ जीबी होतात. रात्रभर साठवायला तुमच्याकडे डिस्क किती आहे?

याचा अर्थ ते यंत्र वाईट असा घेऊ नका. वेग कमी करून, ओपनहॅनटेक किंवा सिग्रोकसारखी मोफत सॉफ्टवेअर वापरून लोक त्याच्याकडून छान काम करून घेतात. मुद्दा एवढाच की डब्यावरचा वेग हा सलग नोंदीचा वेग नसतो.

हिशेब उलटीकडून करा

दुकानात गेल्यावर आपण आधी यंत्र बघतो आणि मग त्याच्यासाठी काम शोधतो. इथे उलटं करायचं. आधी ठरवा, मला पकडायचं काय आहे आणि ते किती वेळ टिकतं?

माझा साधा नियम आहे. जी गोष्ट पकडायची, तिच्यात किमान २० सॅम्पल बसले पाहिजेत. आपल्या कोल्हापूरच्या केसमध्ये सप्लायचा खड्डा साधारण ३० मिलीसेकंदांचा निघाला. त्यात २० सॅम्पल म्हणजे दर दीड मिलीसेकंदाला एक. म्हणजे सेकंदाला सातशेच्याही आत! एक कोटी नाही, एक लाख नाही, सातशे.

वेगवेगळ्या कामांना हे लावून बघा. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं चार्जिंग तपासायचं असेल तर सेकंदाला एक सॅम्पलही पुष्कळ. मोटार सुरू होताना करंट किती उसळतो ते बघायचं असेल, तर ५० हर्ट्झची एक लहर २० मिलीसेकंदांची, तिच्यात १०० सॅम्पल हवेत म्हटलं तरी सेकंदाला ५,००० झाले. रिलेचा संपर्क जुळताना थरथरतो, तो प्रकार एखाद्या-दोन मिलीसेकंदांत संपतो, तिथे २० हजार धरा. आपल्यासारख्या छोट्या सर्व्हिसवाल्यांची सलग नोंदीची जवळपास सगळी कामं सेकंदाला एक लाख सॅम्पलच्या आत बसतात.

आता फाइलचा हिशेब. सेकंदाला १० हजार सॅम्पल, एका सॅम्पलला दोन बाइट, आठ तासांची पाळी. एका चॅनेलचे ५७६ एमबी झाले. दोन चॅनेल म्हणजे सव्वा जीबीच्या आत. साध्या पेन ड्राइव्हवर मावेल. पण हीच नोंद सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला १० हजार म्हटलं तर पावणेदोन मिनिटांत शीट भरलं. त्यामुळे यंत्र घेताना हेही बघा, की त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये लांब फाइल उघडता येते का, हव्या त्या वेळेवर उडी मारता येते का आणि हवा तेवढाच तुकडा बाहेर काढता येतो का. हे नसेल तर नोंद असून नसल्यासारखी.

बिट विसरू नका

दुसरा दुर्लक्षित आकडा म्हणजे बिट. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, १२ बिट म्हणजे ४,०९६. समजा ५ व्होल्टच्या सेन्सरचं आउटपुट बघताय आणि स्कोपची रेंज अधिक-उणे ५ व्होल्ट आहे. एकूण १० व्होल्ट भागिले २५६, म्हणजे एक पायरी ३९ मिलीव्होल्टची. सेन्सर २० मिलीव्होल्टनी हलला तर ८ बिटच्या यंत्राला तो धड कळणारही नाही. १२ बिटला एक पायरी अडीच मिलीव्होल्टच्या आत येते. सप्लाय २४ वरून १६ वर पडतोय का, एवढंच बघायचं असेल तर ८ बिट चालतील. तापमान, दाब, वजन अशा सेन्सरची कामं करणार असाल, तर वेग कमी घ्या पण बिट जास्त घ्या.

मग मेगाहर्ट्झ बिनकामाचे?

नाही हो. म्हणूनच मी निम्माच सल्ला मागे घेतोय. एसएमपीएसचं स्विचिंग बघायचं असेल, दोन कार्डांमधलं कम्युनिकेशन तपासायचं असेल, सिग्नलची धार आणि तिच्यावरचे झटके बघायचे असतील, तर बँडविड्थ लागतेच. आणि २० मेगाहर्ट्झ लिहिलंय म्हणजे तिथपर्यंत सगळं खरं दिसतं असंही नाही. त्या टोकाला सिग्नलची उंची साधारण ७० टक्केच दिसते. त्यामुळे टेबलावर कार्ड रिपेअर करणाऱ्याला मेगाहर्ट्झ महत्त्वाचे. ग्राहकाच्या जागी जाऊन 'कधीतरी होणारा' फॉल्ट पकडणाऱ्याला सलगता महत्त्वाची. तुमचा धंदा यातला कोणता, ते तुम्हालाच ठरवायचंय. माझी चूक ही झाली की मी दोघांनाही एकच औषध दिलं.

लॅपटॉप आणि जीव, दोन्ही सांभाळा

हा परिच्छेद कृपा करून गाळू नका.

यूएसबी स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप बहुतेक यंत्रांत आतून थेट लॅपटॉपच्या यूएसबी ग्राउंडला जोडलेली असते. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असेल तर तीच पुढे अर्थिंगला. ती क्लिप चुकून फेजला लागली, तर स्कोप, लॅपटॉप आणि नशीब वाईट असेल तर तुम्ही, सगळे एकदम. "मी लॅपटॉप बॅटरीवर चालवतो, काही होत नाही" असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. तेव्हा लॅपटॉपची बॉडीच फेजला जोडली जाते आणि तुमचा हात तिच्यावर असतो.

आणखी एक. आपला २३० व्होल्टचा मेन्स टोकाला सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. अधिक-उणे २० व्होल्टच्या स्कोपला दहापटीचा प्रोब लावला तरी मजल २०० पर्यंतच. म्हणजे ग्राउंडचा धोका बाजूला ठेवला तरी मेन्स थेट मोजायला तो अपुरा. मेन्स बघायचाच असेल तर डिफरेन्शियल प्रोब घ्या, किंवा ५० हर्ट्झचे चढउतारच बघायचे असतील तर ९ व्होल्टचा छोटा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. करंटसाठी क्लॅम्प वापरा. आणि लक्षात ठेवा, दोन चॅनेलच्या दोन काळ्या क्लिपा आतून एकच असतात. त्या दोन वेगवेगळ्या व्होल्टेजच्या ठिकाणी लावल्या की शॉर्ट झालाच समजा.

बजेट काढताना ही सामग्री धरूनच काढा. नुसत्या स्कोपचे पैसे जमवून प्रोबच्या वेळी हात आखडणं म्हणजे बाइक घेऊन हेल्मेट पुढच्या महिन्यात आणण्यासारखं आहे.

माझ्या मते काय घ्यावं

मी कुठल्याही कंपनीचा एजंट नाही, म्हणून मोकळेपणानं सांगतो.

शिकताय, अजून एकही ग्राहक नाही? मग स्कोप घेऊच नका. एडीएस१११५ नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं, १६ बिटचं, सेकंदाला ८६० सॅम्पल. आर्डुइनोसारख्या बोर्डाला जोडा, योग्य व्होल्टेज डिव्हायडर लावा आणि घरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची रात्रभर नोंद करा. गंमत बघा, कोल्हापूरचा तो ३० मिलीसेकंदांचा खड्डा या मॉड्यूलमध्येही पंचवीसएक सॅम्पलनी दिसला असता. मात्र हे शिकण्यापुरतं. ग्राहकाच्या लाखोंच्या मशीनला घरी डाग दिलेला बोर्ड लावू नका. काही झालं तर उत्तर द्यायला तुमच्याकडे काही नसेल.

फक्त संथ सिग्नलचं काम असेल, म्हणजे तापमान, दाब, बॅटरी, तर डेटा लॉगर बघा. पिकोलॉग १२१६ सारख्या यंत्रात १२ बिट आणि १६ चॅनेल मिळतात. इनपुट मात्र ० ते २.५ व्होल्ट, त्यामुळे डिव्हायडरची तयारी ठेवा. स्कोपसारखं दिसत नाही, रुबाब नाही, पण अशा कामाचा हाच खरा गडी.

फॉल्ट शोधण्याचं फिरतं काम असेल, तर दोन चॅनेलचा, स्ट्रीमिंगचा आकडा स्पष्ट छापलेला यूएसबी स्कोप घ्या. दोन चॅनेल का, ते पुढे सांगतो. मेगाहर्ट्झ १० असले तरी हरकत नाही. वाचलेले पैसे डिफरेन्शियल प्रोब आणि क्लॅम्पमध्ये घाला.

आणि वर्षातून एकदाच असं काम येणार असेल तर विकत न घेता भाड्यानं आणा, किंवा ज्याच्याकडे आहे त्याला सोबत घेऊन पैसे वाटून घ्या. हत्यार कपाटात ठेवून धंदा वाढत नाही.

परत करायची मुदत संपायच्या आत परीक्षा घ्या

यंत्र आल्यावर अनबॉक्सिंगचा फोटो स्टेटसला टाकण्याआधी एक रात्र त्याची परीक्षा घ्या. बऱ्याच स्कोपवर प्रोब जुळवण्यासाठी १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल दिलेला असतो. प्रोब तिथेच लावा आणि रात्रभर नोंद करा. या सिग्नलचा प्रत्येक चढ आणि उतार अर्ध्या मिलीसेकंदाच्या अंतरानं यायला हवा. सकाळी फाइलमध्ये मधे मधे बघा, जमत असेल तर एखाद्या पायथन येणाऱ्या पोराकडून छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या. कुठे अंतर चुकलं, तर तिथे नोंद तुटली. फाइलचा एकूण कालावधीही घड्याळाशी जुळवा. आठ तास चालवून फाइल साडेसात तासांची निघाली, तर अर्धा तास कुठे गेला ते विक्रेत्याला विचारा.

याच रात्री तुमच्या लॅपटॉपचीही परीक्षा होते. स्लीप बंद केलं होतं का? विंडोज अपडेट मध्येच रिस्टार्ट झालं का? चार्जर सैल होता का? ह्या चुका घरी व्हायला हव्यात, ग्राहकाच्या शेडमध्ये नव्हे.

आणि यंत्र जीएसटी बिलावरच घ्या. रेग्युलर स्कीममध्ये नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळत नाही, पण वॉरंटीसाठी बिल लागतंच.

आता धंद्याची गोष्ट

कोल्हापूरच्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगतो. मालकांनी नाखुशीनंच आणखी एक रात्र दिली. त्यानं मित्राकडून सलग नोंद करणारा स्कोप आणला. पहिल्या चॅनेलला दहापटीच्या प्रोबनं २४ व्होल्टचा सप्लाय, दुसऱ्या चॅनेलला ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून मेन्स. सेकंदाला १० हजार सॅम्पल. पहाटे मशीन पुन्हा बंद पडलं आणि या वेळी खड्डा सापडला. त्याच क्षणी दुसऱ्या चॅनेलवर मेन्सही दबलेला. ऑपरेटरला वेळ सांगितली, तर तो म्हणाला, "त्या वेळी मोठा कॉम्प्रेसर सुरू होतो की." कॉम्प्रेसर सुरू होताना मेन्स दबायचा आणि जुन्या एसएमपीएसमधले सुकलेले कपॅसिटर तेवढा क्षणही तग धरत नव्हते. म्हणून दोन चॅनेल. एक दाखवतो काय झालं, दुसरा दाखवतो कशामुळे झालं.

एसएमपीएस बदलला. पण पोरानं तिथे थांबू नये असं मी सांगितलं. दुरुस्तीनंतर त्यानं पुन्हा एक रात्र नोंद केली आणि दोन पानी रिपोर्ट दिला. आधीचा आलेख, नंतरचा आलेख, खाली चार ओळी. मालकांनी तो रिपोर्ट फाइलला लावला आणि विचारलं, "आपल्या बाकीच्या मशीनचं पण असं करून देशील का?"

मित्रांनो, इथे धंदा आहे. एसएमपीएस बदलणारे गावात दहा जण आहेत, त्यांच्याशी तुम्हाला भावात भांडावं लागेल. पण 'रात्री नेमकं काय झालं' याचा पुरावा देणारे किती आहेत? नोंदीचा वेगळा दर लावा. दुरुस्ती वेगळी, नोंद वेगळी, रिपोर्ट वेगळा. समजा सगळा सेट प्रोबसकट २४ हजारांना पडला आणि एका रात्रीच्या नोंदीचे तुम्ही ३ हजार घेतले, तर आठ कामांत पैसे वसूल. महिन्याला दोन कामं धरली तर चार महिने. तुमच्या भागातले दर घालून हाच हिशेब पुन्हा मांडा. आठ कामं कुठून येतील त्यांची नावं लिहिता येत नसतील, तर अजून खरेदीची वेळ आलेली नाही.

त्या मुलाचा पहिला स्कोप पडून नाही. टेबलावर कार्ड तपासायला तो रोज वापरतो आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. पण वाया गेलेली ती एक रात्र आणि सकाळी मालकांसमोर खाली गेलेली मान, ती त्याला माझ्या एका घाईच्या वाक्यामुळे सोसावी लागली. त्याची मी माफी मागितली आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आजचा होमवर्क

एक कोरा कागद घ्या. पाच ओळी लिहा. मला काय पकडायचंय? ते किती मिलीसेकंद टिकतं? किती तास वाट बघायचीय? किती व्होल्टवर आहे? आणि त्या नोंदीचे पैसे कोण देणार आहे? पहिल्या चार ओळी विक्रेत्याला दाखवा आणि विचारा, "हे न तुटता होईल का? लेखी द्याल का?" जो लगेच मेगाहर्ट्झ सांगायला लागेल, त्याला नमस्कार करून बाहेर या.

पाचवी ओळ मात्र त्याला दाखवू नका. ती तुमच्यासाठी आहे. ती कोरी राहिली, तर पाकीट खिशातच ठेवा आणि आधी ग्राहक शोधा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब पक्का ठेवा, काम चोख ठेवा.